नदीकिनारा लॉनची चौदा तारीख

१ फेब्रुवारी, रविवार

बियाण्याच्या दुकानदाराने यंदा दोन डायऱ्या दिल्या. एक बुकिंगला गेली, ही माझी. तिच्यात लोकांच्या तारखा, हिच्यात माझं काय असेल ते. वाचणारं घरात कोणी नाही. यांना वाचायचा कंटाळा, सासूबाईंचा चष्मा कधीच सापडत नाही, आणि राखी वाशीमला दवाखान्यात नर्स आहे, तिला रविवारीसुद्धा वेळ नसतो.

संकल्प एकच. सात मेला राखीचं लग्न आपल्याच लॉनवर, आणि त्या दिवशी मी खुर्चीवर बसणार. अठरा वर्षं आमचं बिछायत केंद्र आहे. लोकांच्या लग्नात हजारो खुर्च्या मांडल्या, उचलल्या, पुसल्या. बसले एकदाही नाही. त्या दिवशी पहिल्या ओळीत बसून मुलीचं लग्न डोळे भरून पाहायचं. वरणाचा गंज लवंडला तरी उठायचं नाही.

थकवा वगैरे काही नाही. लोक विचारतात म्हणून लिहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

यंदा धोंड्याचा महिना आला आहे. सतरा मेपासून महिनाभर लग्नं बंद. त्यामुळे सगळ्यांना त्याच्या आतल्याच तारखा हव्यात. मी ठरवलं आहे, एप्रिल-मे मिळून फक्त दहा लग्नं घ्यायची. अकरावं आलं की हात जोडायचे. घरी लग्न आहे म्हटल्यावर लोक समजून घेतात.

आपली पद्धत साधी आहे. तारीख ठरली की मी मुलीच्या आईची ओटी भरते, नारळ-सुपारी-खण. मुलाकडचे आले तर मुलाच्या आईची. मग ती तारीख त्यांची. अठरा वर्षांत एकही भरलेली ओटी परत घेतली नाही. सही-शिक्क्याच्या कागदालाही एवढा मान नसेल.

हे म्हणाले, "सात मेवर राखीचं नाव लिहून ठेव." मी म्हटलं, पोटच्या पोरीचं लग्न गिऱ्हाइकांच्या रांगेत लिहू? कोणी ऐकलं तर काय म्हणेल. ते पान मी मुद्दाम कोरं ठेवलं. तारीख माझ्या डोक्यात आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फोटोवाला लॉन बघायला आला होता. म्हणाला, बोर्डावर नदीकिनारा लिहिलं आहे, मेमध्ये पाणी कुठे असतं? मी म्हटलं, नाव किनाऱ्याचं आहे, पाण्याचं नाही. किनारा बाराही महिने असतो.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "चार वर्सामांगं इथं माही वांगी होती. त्यायचे फोटो चांगले आले असते." लॉन केल्यापासून त्या रोज एकदा तरी वांग्यांवर येतात. सासूबाईंच्या वाडीतली वांगी कामरगावच्या बाजारात तुळसाबाईंच्या नावाने विकली जायची, हे मला पाठ आहे.

बुकिंग अकरा झाली. अकरावं नात्यातलं होतं, ते धरायचं नाही.

१ मार्च, रविवार

जऊळक्याहून फोन. आमचे होणारे जावई आदर्श पुण्याला कंपनीत आहेत. त्यांना पहिल्या आठवड्यात रजा मिळत नाही. म्हणून लग्न सातवरून चौदा मेला, सकाळी अकरा चाळीसच्या मुहूर्तावर. दोन्ही गुरुवारच. लगेच बुकिंगची डायरी उघडून पाहिली, चौदा रिकामी! देवच धावला.

हे म्हणाले, "आता तरी लिहिशीन का?" म्हटलं, मी काय पोरीचं लग्न विसरणार आहे? हे म्हणाले, "मी नुसतं इचारलं, बाप्पा." आणि जनरेटर खोलून बसले.

बुकिंग चौदा. पण यातली दोन लग्नं लहान आहेत, ती मिळून एकच.

११ मार्च, बुधवार

सात मे मागायला आज तीन पार्ट्या आल्या. तिघांनाही परत पाठवलं. म्हटलं, त्या दिवशी आमच्या घरचंच कार्य आहे. एक बाई फार गयावया करत होती, पण मी हलले नाही.

डायरीत अक्षरही न लिहिता तारीख कशी पक्की राहते, हे यांना दाखवायला हवं होतं. ते नेमके बाजारात.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

सकाळपासून माणसांची रीघ. गुढीला गाठी बांधायला घेतली आणि बारा वाजता बांधली. पाच पार्ट्या आल्या, कोणाला कूलर हवेत, कोणाला नवरदेवाची सिंहासनवाली खुर्ची. हे कारंजाला गेलेले.

शेवटी आले ते सेवादास आणि रंगूबाई. नदीपलीकडच्या गावचे. कोरड्या पात्रातून चालत आले, पायांना वाळू तशीच. थोरल्या मुलीचं लग्न. चार ठिकाणी विचारून आले, कुठेच तारीख नाही, आणि मुलाकडचे चौदा मेला अडून बसलेले.  रंगूबाई नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी डायरी उघडली. चौदा मे. पान कोरं करकरीत! एवढ्या गर्दीच्या सीझनमध्ये हे पान राहिलं कसं, माझं मलाच नवल वाटलं. म्हटलं, बाई, देवाने तुमच्यासाठीच ठेवलेलं दिसतं. ओटी भरली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "माय, तुमच्या हातानं पोरीचं सोनं झालं."

अशा दिवशी थकवा येतच नाही.

४ एप्रिल, शनिवार

चपला लहान झाल्या आहेत. आठ दिवसांपूर्वी नीट बसत होत्या. हल्लीचा मालच असा. राखी रजेवर आली, माझ्या पायावर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "आई, चप्पल लायनी नाही झाली, पाय सुजला." तिला सगळीकडे पेशंट दिसतात.

म्हणाली, यंदा एप्रिलमध्ये एकही नवीन बुकिंग घेऊ नको. मी शब्द दिला. तसंही घेणार नव्हते.

एकूण एकोणीस.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया

एका दिवसात दोन लग्नं, एक लॉनवर, एक गावात शाळेसमोर. वाढपी दोन कमी आले, म्हणून मठ्ठ्याची बादली मी धरली. एका वरमायची नथ हरवली, ती शोधली. ती तिच्याच नाकात होती, पण बाजूने सरकलेली. नवरदेवाच्या मामाला उन्हाने चक्कर आली. त्याला कूलरसमोर निजवलं. खरं सांगायचं तर मला त्याचा क्षणभर हेवा वाटला.

कोणीतरी म्हणालं, उज्ज्वलाताई, दोन मिनिटं टेका. टेकले नाही. बसायचं ते एकदाच, चौदाला.

२४ एप्रिल, शुक्रवार

राखीच्या पत्रिका आल्या. फार सुंदर. चौदा मे, गुरुवार, सकाळी अकरा चाळीस, स्थळ नदीकिनारा लॉन. आपल्याच लॉनचं नाव आपल्याच मुलीच्या पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत. पहिली देवापुढे ठेवली.

राखी म्हणाली, "आई, त्या दिवशी मले तू समोर दिसली पाह्यजे. लहानपणापासून पाहून राह्यली, कोणाचंबी लग्न असो, तू मंडपाच्या मांगं." मी म्हटलं, पहिली ओळ, डावीकडची पहिली खुर्ची. नाव लिहून ठेवते हवं तर. ती म्हणाली, "लिहजो."

२८ एप्रिल, मंगळवार

सेवादास पत्रिका देऊन गेले. चौदा मे, अकरा पस्तीस, स्थळ नदीकिनारा लॉन.

छापखान्याची चूक. बिचाऱ्यांना कोणी सांगितलंही नसेल. उद्या फोन करून सांगायला हवं, म्हणजे वाटायच्या आधी दुरुस्त करतील.

२९ एप्रिल, बुधवार. दुपार

फोन करायच्या आधी त्यांची खरी तारीख बघावी म्हणून बुकिंगची डायरी काढली.

चौदा मेवर सेवादासचं नाव आहे.

अक्षर माझ्यासारखं आहे. शाईही माझ्या पेनाची. पण मी एवढ्या घाईत कधी लिहीत नाही. खाली लिहिलं आहे, 'ओटी भरली. मुलीची आई मऊ स्वभावाची.'

२९ एप्रिल. संध्याकाळ

माझंच अक्षर आहे.

डोकं शांत ठेवायचं. रडायचं नाही, कारण सासूबाई लगेच विचारतील. सात मे रिकामी आहे. तीन पार्ट्या परत पाठवून मीच राखली, म्हणजे मनाने आधीच सोय करून ठेवली होती. सेवादासना चौदाऐवजी सात द्यायची. उद्या सकाळी जाऊन स्पष्ट बोलायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

३० एप्रिल, गुरुवार

जाऊन आले. त्यांच्या घरात देवळीत माझा नारळ ठेवलेला, त्याला लाल कापड बांधलेलं. रोज हळद-कुंकू वाहतात. रंगूबाई शेजारणींना सांगत होती, "ह्याच त्या. यायनंच तारीख देली." मुलगी चहा घेऊन आली. राखीच्याच वयाची, थोडी लहान. माझ्या पाया पडली.

बोलणं तेवढं राहिलं. पण पाया घातला गेला.

निघताना दोन कूलर जास्तीचे देते म्हणाले.

२ मे, शनिवार

पुन्हा गेले. आज ठरवूनच गेले होते. दारातूनच बोलायचं, आत जायचं नाही, चहा घ्यायचा नाही. रंगूबाईने दारातच पाट टाकला. म्हणाली, सोयरे ऐकत नव्हते, पण लॉनचं नाव ऐकलं आन् मानले. "नाही त मोडलंच होतं, माय."

नवरीचा नवा लाल सोफा त्यांना देऊन आले. तो राखीसाठी आणला होता. अजून त्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं.

४ मे, सोमवार

घरी सांगितलं.

 यांनी उठून बुकिंगची डायरी आणली, चौदाचं पान पाहिलं, सातचं पाहिलं, पुन्हा चौदाचं पाहिलं. म्हणाले, "मी तुले लिह म्हटलं होतं." एवढंच. अजून काही बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

सासूबाई म्हणाल्या, "काय वं, दुसऱ्याच्या पोरीची ओटी भरली अन् आपली पोट्टी उघड्यावर? सात तारखेले काय मग आपण दोघी लगन लावू?"

मी घाबरले नाही, कारण माझ्याकडे योजना होती. लॉन मोठं आहे. मधोमध कनात लावायची. डावीकडे राखी, उजवीकडे सेवादासची मुलगी. मुहूर्तात पाच मिनिटांचाच फरक, म्हणजे एकच भटजी मोठ्याने म्हणाला तरी दोन्हीकडे ऐकू जाईल. स्वयंपाक एकच. हे म्हणाले, "अन् तिकडचा नवरदेव इकडं शिरला त?" मी म्हटलं, फेट्यांचे रंग वेगळे ठेवू. सासूबाईंना ठसका लागला.

राखीला फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, उद्या येते.

५ मे, मंगळवार

राखी आली. मला वाटलं होतं ओरडेल. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग बुकिंगची डायरी पहिल्या पानापासून चाळली. चोवीस लग्नं. मी तिला म्हटलं, यातली बरीच लहान आहेत.

ती म्हणाली, "आई, त्यायले नाही म्हणू नको. तिचं लग्न मोडन. माह्यं काही मोडत नाही." मी कनातीचं पुन्हा समजावून सांगायला लागले. तर म्हणाली, "मले अर्धं लॉन चालते, आई. अर्धी आई नाही चालत. तू त्या दिवशी कनातीच्या दोन्हीकून धावशीन."

मग तिने आदर्शना फोन लावला. त्यांच्या वडिलांनी सांगितलं, लग्न आमच्या दारी जऊळक्याला लावू, घरासमोर भरपूर जागा आहे.

मुलाच्या दारी लग्न ही जुनी, चांगली पद्धत आहे. खरं तर मी हेच सुचवणार होते.

पत्रिका वाटून झाल्या आहेत. उद्यापासून सगळ्यांना फोन.

७ मे, गुरुवार

आज लॉन रिकामं. या आठवड्यातला एकच रिकामा दिवस. एवढं मोठं अंगण मोकळं दिसलं म्हणून सासूबाईंनी मिरच्या वाळत घातल्या.

आज बसता आलं असतं. पण साठ जणांना फोन करून जागा बदलल्याचं सांगायचं होतं. प्रत्येक जण विचारतो, स्वतःचं लॉन असून असं कसं? मी सांगते, व्याह्यांची फार इच्छा होती. संध्याकाळपर्यंत मलाही ते खरं वाटायला लागलं.

१० मे, रविवार

चौदाला आपलं सगळं सामान बाहेर आहे. लॉनवर सेवादास, शिवाय आणखी दोन गावांत मंडप. राखीच्या लग्नाला द्यायला घरात एक पातेलंसुद्धा नाही. जऊळक्यालाच दुसऱ्या बिछायतवाल्याकडून सगळं घेतलं.

माझ्या संकल्पाच्या दृष्टीने हे उत्तमच. तिथे माझी एकही खुर्ची नाही, एकही भांडं नाही. उठायचं कारणच उरलं नाही. इतकी चांगली सोय मी ठरवूनही केली नसती.

१३ मे, बुधवार

उद्या आम्ही इथे नसू, म्हणून सेवादासचं सगळं आजच लावलं. गाद्या, कारपेट, गंज, कढया, पाण्याचे ड्रम. लाल सोफा स्टेजवर ठेवला आणि हाताने पुसला. छान दिसतो.

यांनी राखीची हळद लागायच्या वेळी तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला पोचले. हळद लावली, पण माझ्या हातांना डांबरी दोरीचा वास होता. राखीने तो हात गालावर तसाच धरून ठेवला.

रंगूबाईला चाव्या दिल्या. ती म्हणाली, "तुमच्या पोरीचं लग्न अन् तुमी आमचं करून राह्यल्या?" मी म्हटलं, आमचं तिकडे सगळं तयार आहे.

१४ मे, गुरुवार. जीपमध्ये, सकाळी आठ

पहाटे चारला उठून सेवादासच्या स्टेजला काल आणलेली फुलं लावली, कारण सजावटवाला सहाशिवाय येत नाही. आता निघालो. खूप ताजं वाटतं आहे. आज फक्त बसायचं.

१५ मे, शुक्रवार

लग्न फार छान झालं असं सगळे म्हणतात.

मी अकरा वाजता पहिल्या ओळीत, डावीकडच्या पहिल्या खुर्चीवर बसले. गादीची खुर्ची होती. समोर कूलर. त्यात वाळ्याची ताजी ताटी, आणि वारा थेट तोंडावर. वाढप्यांची गडबड कानावर आली, उठले नाही. मागे कुठेतरी परात पडली, मान वळवली नाही. राखी अंतरपाटापलीकडून आली, हिरव्या शालूत. तिने मला शोधलं. मी हात हलवला. ती हसली. हातात अक्षता घेतल्या. पहिली मंगलाष्टका सुरू झाली. भटजींचा आवाज गोड होता.

मग सासूबाई कोपराने ढोसत होत्या, "ऊठ वं, पंगत बसली."

मंडपात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. अंतरपाट नाही, भटजी नाहीत. माझी मूठ तशीच मिटलेली, आत अक्षता घामाने ओल्या झालेल्या. मी म्हटलं, डोळे मिटून ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, "घोरूनबी ऐकतेस?"

यांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या मंगलाष्टकेलाच माझी मान कलली. हे मला उठवायला निघाले होते, तर राखीने हातात वरमाला घेऊन अंतरपाटाआडून मान हलवली, उठवू नका. कन्यादानाला माझा हात हवा होता. तर राखीने भटजींना सांगितलं, बाबांचा घ्या, आईचा आहेच. मग फेरे झाले, सप्तपदी झाली. बँडवाल्यांना तिच्या सांगण्यावरून पार रस्त्यावर उभं केलं होतं. व्याही मंडळींना वाटलं, यांच्याकडची रीतच असावी.

सेवादासचा फोन येऊन गेला होता. तिकडचं लग्न नीट लागलं. रंगूबाईने मुलीला लाल सोफ्यावर बसवून फोटो काढला आणि मला पाठवला.

व्हिडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, आता महिनाभर काम बंद, धोंड्यानंतर देतो. तोवर लग्न कसं झालं ते एकेकाला विचारते आहे. प्रत्येक जण वेगळं सांगतो. शालू चापूनचोपून बसला होता, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

लग्न मुलाच्या दारी, त्यामुळे राखी तिथेच राहिली आणि निघालो आम्ही. तीच जीपपर्यंत सोडायला आली. सासूबाई रडल्या, हे तोंड फिरवून टोपी झटकत राहिले. मला रडू येईना. मी मूठ उघडून त्या ओल्या अक्षता तिच्या डोक्यावर टाकल्या. चार-पाच दाणे हाताला चिकटून राहिले. तिने ते एकेक करून काढले, माझा पदर खांद्यावर नीट केला आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "झोप झाली का, आई?"

थकले नव्हते, असं सांगणार होते.

म्हटलं, झाली.